कलदार रुपयाची पारख

वीरनिर्वाणाच्या पहाटे मंदिरात निर्वाणलाडू चढवून होतो आणि सायंकाळी पेढीवर वहीपूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक काढले जाते, नव्या वीरसंवताचा आकडा लिहिला जातो आणि वहीशेजारी पाटावर चांदीचा एक जुना रुपया ठेवला जातो. सोलापुरातील जुन्या व्यापारी घराण्यांना हे दृश्य अपरिचित नाही. पूजा आटोपली की तो रुपया पुन्हा कापडी पिशवीत जातो, पिशवी तिजोरीच्या तळाशी जाते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तिची कोणाला आठवण होत नाही.

एरवी ही पिशवी उघडते ती एखाद्या कठीण प्रसंगी. घरातील आजी जाते, भावाभावांत वाटणी होते, जुना वाडा विकायला निघतो. मग पाच-पन्नास राणीछाप आणि राजाछाप रुपये सतरंजीवर ओतले जातात आणि घरात दोन मते पडतात. एकाचे म्हणणे असते, सराफाकडे नेऊन वितळवावे आणि चांदी सारखी वाटून घ्यावी. दुसऱ्याने मोबाईलवर कोठेतरी पाहिलेले असते की, अशा एकेका नाण्याला लाखो रुपये मिळतात. दोन्ही मतांमध्ये उणीव एकच असते. नाणे हातात घेऊन नीट पाहिलेले कोणीच नसते. अशा एका दुपारच्या निर्णयात तीन-चार पिढ्यांनी जपलेला ठेवा मुशीत तरी जातो, नाहीतर भामट्याच्या हाती तरी लागतो. म्हणून ब्रिटिश अमदानीतील ही नाणी कोणती, ती घरात राहिली कशी आणि त्यांची पारख कशी करावी, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेण्याजोगे आहे.

बट्टा, कलदार आणि हाली सिक्का

१८१८ साली पेशवाई संपली आणि त्याच वर्षी सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. राज्य बदलले तरी पैसा लगेच बदलला नाही. पुण्याच्या टाकसाळीत पूर्वीचाच अंकुशी रुपया आणखी काही वर्षे पाडला जात होता. बाजारात सुरती रुपया होता, निरनिराळ्या संस्थानांचे रुपये होते आणि तांब्याची शिवराई होती. प्रत्येक रुपयाचे वजन वेगळे आणि चांदीचा कसही वेगळा. हलक्या रुपयावर सराफ जी रक्कम कापून घेई तिला बट्टा म्हणत. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण आजही म्हणतो, तो शब्द या सराफी व्यवहारातूनच भाषेत आला आहे.

हा गोंधळ १८३५ च्या कायद्याने मिटला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सर्व मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरला. आजच्या मापात हे वजन ११.६६ ग्रॅम होते. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी आणि एक भाग हीण होते. तोळ्याचे वजनही १८० ग्रेनच असल्यामुळे रुपया हेच घरोघरी वजन झाले. ‘रुपयाभार हळद’, ‘दोन रुपयेभार सुंठ’ असे जुन्या स्त्रिया म्हणत, त्यामागे हा हिशेब होता.

या एकरूप चलनाच्या उभारणीत कलकत्ता टाकसाळीचे धातुपरीक्षक जेम्स प्रिन्सेप यांचा मोठा वाटा होता. नाण्यांवरची अक्षरे न्याहाळण्याची सवय असलेल्या या गृहस्थाने पुढे १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडले. सम्राट खारवेलाच्या हाथीगुंफा शिलालेखाचे पहिले वाचनही त्यांनीच प्रसिद्ध केले. अर्हंतांना वंदन करून आरंभ होणारा तो लेख जैन इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन आहे. लहानशा नाण्याकडे लक्षपूर्वक पाहणारी दृष्टी कोठवर पोहोचू शकते, याचे हे उदाहरण होय.

यंत्रावर पाडलेल्या या नव्या रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणू लागले. सोलापूरच्या बाबतीत या शब्दाला अधिक अर्थ होता. जिल्ह्याच्या पूर्वेला निजामाचे राज्य लागून होते आणि तेथे ‘हाली सिक्का’ चाले. तुळजापूर, नळदुर्ग, गुलबर्गा या भागाशी कापूस, धान्य आणि कापड यांचा व्यापार करणाऱ्या सोलापूरच्या पेढ्यांना दोन्ही चलनांचा हिशेब ठेवावा लागे. पुढील काळात साधारणपणे सात हाली रुपयांना सहा कलदार असा दर होता. म्हणून सोलापूरच्या जुन्या पिशवीत राणीच्या रुपयाशेजारी चारमिनारचे चित्र असलेला निजामी रुपया सापडला, तर त्याचे नवल वाटू नये. तो या शहराच्या व्यापाराचा पुरावा आहे.

चांदी घरातच का राहिली?

१८३५ च्या रुपयावर चौथ्या विल्यमचे मुख आहे. १८४० पासून राणी व्हिक्टोरिया आली. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य गेले आणि १८६२ पासून नाण्यावरचे कंपनीचे नाव जाऊन ‘इंडिया’ आले. १८७७ पासून ‘व्हिक्टोरिया क्वीन’ऐवजी ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’ ही अक्षरे दिसतात. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा. त्यांच्या बारशाला कोणी रुपया हातावर ठेवला असेल, तर तो याच काळातला असणार. १९०३ पासून सातव्या एडवर्डचा, डोक्यावर मुकुट नसलेला रुपया आला, १९११ पासून पाचव्या जॉर्जचा आणि १९३८ पासून सहाव्या जॉर्जचा.

मग दुसरे महायुद्ध सुरू झाले. चांदीचा भाव चढला आणि लोक रुपये खर्च करण्याऐवजी साठवू लागले. सरकारने १९४० साली एक रुपयाची कागदी नोट काढली आणि रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. नव्या मिश्रणात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि पाच-पाच टक्के निकेल व जस्त होते. १९४१ ते १९४३ या काळात व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि जॉर्ज यांचे जुने चोख रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून रद्द करण्यात आले. युद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली सुमारे २२.६ कोटी औंस चांदी परत करावयाची असल्यामुळे युद्धानंतर निम्म्या चांदीचीही नाणी परवडेनाशी झाली. १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा निघाला. त्याच्या एका बाजूस सहावा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूस वाघ आहे.

अनेक घरांतील पिशव्या या काळातल्या आहेत. सरकारकडे नाणी परत करण्याऐवजी गृहिणींनी ती डब्यात, धान्याच्या कणगीत वा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. पुढे लग्नकार्य, दुष्काळ, आजारपण यांत एकेक करून ती गेली. जी उरली ती कोणीतरी मन घट्ट करून राखली म्हणून उरली.

द्रव्यपरीक्षा

नाण्यांची पारख हा जैन परंपरेला नवा विषय नाही. ठक्कुर फेरू नावाचे श्रीमाळ जैन विद्वान दिल्लीच्या सुलतानांच्या पदरी होते. टाकसाळीतील प्रत्यक्ष अनुभवावर त्यांनी १३१८ साली ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ प्राकृतात लिहिला. सोने-चांदी शुद्ध कशी करावी, कस कसा काढावा हे सांगून त्यांनी निरनिराळ्या राज्यांच्या नाण्यांची नावे, वजने, त्यांतील धातूचे प्रमाण आणि त्यांचे मोल नोंदवले आहे. अगरचंद व भंवरलाल नाहटा यांच्या संशोधनामुळे विसाव्या शतकात हा ग्रंथ पुन्हा उजेडात आला. फेरूंची पद्धत आजही तशीच उपयोगी आहे. आधी नाव, मग वजन, मग धातू आणि सर्वांत शेवटी मोल.

प्रथम वजन पाहावे. १९३९ पर्यंतचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, अधेली ५.८३, पावली २.९२ आणि चांदीची चवली सुमारे १.४६ ग्रॅम भरते. वापराने झिजलेले नाणे थोडे कमी भरणारच, परंतु दीड-दोन ग्रॅमचा फरक आढळला तर शंका घ्यावी. खरी चांदी दगडी फरशीवर अलगद टाकली असता खणखणीत वाजते, पण दुर्मीळ नाण्यावर हा प्रयोग करू नये. लोहचुंबकाला चांदी चिकटत नाही. १९४७ चा निकेलचा रुपया मात्र अस्सल असूनही चिकटतो, एवढे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट साल आणि टाकसाळीची खूण. यासाठी साधे भिंग पुरेसे आहे. कलकत्त्याच्या नाण्यांवर बहुधा खूण नसते. मुंबईच्या नाण्यांवर काळानुसार ‘बी’ हे बारीक अक्षर, टिंब वा चौकटीच्या आकाराची खूण आढळते. १९४३ ते १९४५ या काळातील लाहोरच्या नाण्यांवर ‘एल’ आहे. सालाबाबत एक गंमत ध्यानात घ्यावी. १८४० चे साल असलेले रुपये पुढे सुमारे वीस वर्षे पाडले जात होते आणि १८६२ चे साल १८७४ पर्यंत कायम ठेवले होते. त्या काळात नाणे खरोखर कोणत्या वर्षी पडले, हे मुंबईच्या टाकसाळीत नक्षीजवळच्या टिंबांच्या संख्येने दाखवले जाई. एकाच सालाच्या दोन रुपयांत एक सर्वसाधारण आणि दुसरा विरळा असू शकतो, तो या टिंबांमुळे.

येथेच सर्वांत मोठा गैरसमज दूर होतो. नाणे जितके जुने तितके मौल्यवान, असे नसते. १८४० चा रुपया आज पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे, पण तो विपुल प्रमाणात उपलब्ध आहे. त्याच्यापुढे शंभर वर्षांनी लहान असलेला १९३९ चा रुपया कितीतरी दुर्मीळ आहे. नाणे किती पडले यापेक्षा किती उरले आणि कोणत्या स्थितीत उरले, यावर संग्राहकाचा भाव ठरतो.

तिसरी गोष्ट ही स्थिती. राणीच्या केसांच्या बटा, मुकुटावरील बारकावे, झग्यावरची वेलबुट्टी हे उंच भाग आधी झिजतात. ते स्पष्ट असतील तर नाणे फारसे वापरात आलेले नाही असे समजावे. कडी डाकलेली, भोक पाडलेली वा माळेतून काढलेली नाणी संग्राहकाच्या दृष्टीने उणी ठरतात. त्यांतील चांदीचे मोल तेवढे राहते.

आणि सर्वांत घातक सवय म्हणजे नाणे उजळणे. चिंच, लिंबू, राख, दंतमंजन किंवा भांडी घासण्याची पूड लावून रुपया लख्ख केला जातो आणि त्याच क्षणी त्याचे निम्म्याहून अधिक मोल धुऊन जाते. दशकानुदशकांत चढलेले काळसर पुट हे त्या चांदीचे नैसर्गिक कवच असते. घासल्यामुळे पृष्ठभागावर सूक्ष्म ओरखडे उठतात आणि जाणकाराला ते लगेच दिसतात. नाणे नेहमी कडेने धरावे, कोरड्या कागदी पाकिटात स्वतंत्र ठेवावे आणि मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळाव्यात.

तीन नाणी, तीन कथा

पिशवी पाहताना तीन नाण्यांकडे विशेष लक्ष द्यावे.

पहिले १९११ चा रुपया. पाचव्या जॉर्जच्या झग्यावरील साखळीत हत्तीची छोटी आकृती होती. तिची सोंड आखूड आणि पाय बुटके उमटल्यामुळे लोकांना तो प्राणी डुक्कर वाटला. हिंदू-मुसलमान दोघांच्याही भावना दुखावतील या भीतीने सरकारने वाटप थांबवले. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते. त्यांपैकी सात लाखांच्या आसपास बाहेर गेले, उरलेले वितळवले गेले. १९१२ पासून सोंड आणि कान स्पष्ट असलेला सुधारित हत्ती आला. म्हणून पाचव्या जॉर्जच्या रुपयावर साल १९११ आहे की पुढचे, हे आधी वाचावे.

दुसरे १९३९ चा रुपया. बारा भागांत अकरा भाग चांदीचा हा शेवटचा रुपया. युद्धामुळे तो फारसा लोकांच्या हाती पोहोचलाच नाही. त्याला चांगली किंमत येते म्हणूनच १९३८ च्या नाण्यावरील आठचा नऊ करून फसवण्याचे प्रकार होतात. शेवटच्या अंकाभोवती खरवडल्याच्या खुणा आहेत का, तो अंक इतर अंकांच्या जाडीचा आहे का, हे भिंगातून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

तिसरी १९१८ ची गिन्नी. पहिल्या महायुद्धात सोने लंडनला पाठवणे धोक्याचे झाले तेव्हा मुंबईच्या टाकसाळीतच लंडनच्या शाही टाकसाळीची शाखा उघडण्यात आली. तेथे सुमारे १३ लाख ब्रिटिश सॉव्हरिन पाडल्या गेल्या. ही शाखा अवघे काही महिने चालली. या गिन्नीवर घोड्याच्या खालच्या जमिनीच्या रेषेवर, सालाच्या वर, ‘आय’ हे इंडियाचे आद्याक्षर असते. त्याच वर्षी मुंबईत १५ रुपयांची सोन्याची मोहरही पाडली गेली. अस्सल गिन्नीचे वजन ७.९९ ग्रॅम, सोने २२ कॅरेट आणि व्यास सुमारे २२ मिलिमीटर असतो. लग्नात मिळालेली गिन्नी आटवण्यापूर्वी ते एक अक्षर शोधण्यास अर्धे मिनिट लागते. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यात परदेशांत बनावट गिन्न्याही मोठ्या प्रमाणात निघाल्या आणि त्यांपैकी काहींत सोने अगदी पूर्ण होते. त्यामुळे केवळ कसोटीवर खात्री पटत नाही. अक्षरांची रेखीवता आणि कडेच्या कंगोऱ्यांची ठेवणही पाहावी लागते.

भुलवणारी नाणी

राम-लक्ष्मण-सीता वा हनुमान यांचे चित्र, दुसऱ्या बाजूस ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘यूकेएल’, ‘अर्धा आणा’ वा ‘एक आणा’ आणि १८१८ किंवा त्याहूनही जुने साल अशी तांब्या-पितळेची नाणी अनेक देवघरांत आहेत. ती श्रद्धेने पूजली जातात, त्याला कोणाची हरकत नाही. पण कंपनीने अशी नाणी कधीही चलनात आणली नव्हती. ती अलीकडे तयार केलेली स्मरणचिन्हे आहेत. या नाण्यात दैवी शक्ती आहे, ते तांदूळ ओढून घेते, परदेशी संशोधन संस्था त्यासाठी कोट्यवधी देते, असे सांगून महाराष्ट्रात आणि इतरत्र अनेकांची आयुष्यभराची कमाई लुबाडली गेली आहे. तांदळाला लोखंडाची बारीक पूड लावली की तो चुंबकाकडे ओढला जातो, एवढेच त्या चमत्काराचे रहस्य आहे.

दुसरा सापळा मोबाईलवरचा. जुने नाणे लाखो रुपयांना विकत घेण्याचे आमिष दाखवायचे आणि आधी नोंदणी शुल्क, कर वा कमिशन भरायला लावायचे, अशी त्याची रीत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही आणि ती त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही. नाणे विकणाऱ्याकडूनच जो आधी पैसे मागतो तो गिऱ्हाईक नव्हे, ही एक खूणगाठ घरातील ज्येष्ठांना अवश्य सांगून ठेवावी.

कायद्याच्या दोन गोष्टीही माहीत असाव्यात. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरातन वस्तू ठरते. ते घरात बाळगण्यास आडकाठी नाही, पण परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलाला भेट म्हणून राणीछाप रुपये सामानात बांधून देणाऱ्या आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावे. तसेच वाडा पाडताना जमिनीत गाडलेला ठेवा सापडला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.

ज्यांना डोळा तयार करावयाचा आहे त्यांच्यासाठी मुंबईच्या फोर्ट भागातील रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय ही उत्तम ठिकाणे आहेत. शंभर अस्सल नाणी शांतपणे पाहिलेल्या माणसाला एकशे एकावे खोटे नाणे फसवू शकत नाही.

वहीतील एक पान

अपरिग्रहाचे व्रत मानणाऱ्या घरात नाण्यांचा संग्रह करावा का, असा प्रश्न कोणी विचारील. तो योग्यच आहे. नाण्यांच्या मागे लागून त्यांची हाव धरणे हा परिग्रहच होय. पण पूर्वजांनी मागे ठेवलेली वस्तू काय आहे हे न जाणता ती तिजोरीत कोंडून ठेवणे हाही परिग्रहच, आणि तो अज्ञानासह. पारख केल्यावर त्यांतील काय ठेवावे, काय विकून दानधर्मास वा मुलीच्या शिक्षणास लावावे, काय एखाद्या संग्रहालयास द्यावे, हे मोकळ्या मनाने ठरवता येते. न पाहता केलेल्या वाटणीत मात्र भावाभावांना सारखी चांदी मिळते आणि एखाद्याच्या वाट्याचा १९३९ चा रुपया कोणालाही न कळता मुशीत जातो.

म्हणून यंदाच्या वहीपूजनानंतर पिशवी लगेच बांधू नये. घरातील मुलांना जवळ बसवावे, भिंग आणि तराजू घ्यावा आणि वहीच्या एका पानावर प्रत्येक नाण्याची नोंद करावी: राजा कोण, साल कोणते, टाकसाळीची खूण काय, वजन किती. शेवटच्या रकान्यात ते नाणे घरात कसे आले, हे आजी-आजोबांना आठवेल तेवढे लिहावे. कोणते आजीच्या माहेरचे, कोणते पणजोबांच्या पेढीवरचे, कोणते तुळजापूरच्या बाजारातून बदल्यात मिळालेले. वजन आणि साल शंभर वर्षांनीही कोणी तपासू शकेल. हा शेवटचा रकाना भरता येतो तो सांगणारे माणूस घरात आहे तोवरच.